भिंगरीसाठी पातळ

“हे नेस,” म्हणत आत्तीनं आपलं कालचं लुगडं माझ्या अंगावर टाकलं. “आनि आत ग्येलीस की तोंड शिव. एक शबुद काढायचा न्हाई.”

आत्ती म्हणजे माझी सासू, ठकूबाई. झापाच्या, म्हणजे नदीकाठच्या आमच्या गवती खोपीच्या, मेढीला टेकून बसली होती. उजव्या मनगटावर हळदीचा लेप, त्यावर बांबूच्या कामट्या आवळून बांधलेल्या, आणि चेहरा असा की हात माझाच मोडलाय नि ती तो बघायला आलीय. आदल्या दिवशी म्हशी नदीतून बाहेर काढताना शेवाळावर तिचा पाय सरकला होता. पलीकडच्या वाडीतला हाड बसवणारा येऊन गेला आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत या हातानं काही करायचं नाही, असं बजावून गेला.

लुगडं मातकट रंगाचं होतं. धूर, शेण, आंबट ताक आणि घाम यांचा त्याला मिळून एक वास येत होता. मी नाक मुरडलं.

“नाक मुरडू नगो. त्या वासासाठीच देतीया.”

बाहेर भिंगरी ओरडत होती. नाव भिंगरी असलं तरी ती वळायची म्हटली की आजूबाजूची माणसं आधी बाजूला व्हायची, एवढी थोराड म्हैस. शिमग्यानंतर व्यालेली. सकाळी मी माझ्या कपड्यांत तिच्याखाली बसले, तर तिनं दूध चोरलं. रेडकू लावलं की पान्हा सोडायची, माझा हात लागला की आखडून घ्यायची. वर चरवी लाथाडली ती वेगळीच. आता कास दगडासारखी झाली होती. घरात दुसरी दुभती म्हणजे भुंडी, तिचं दूध चहापुरतं. बाकीच्या गाभण. भिंगरीचं दूध म्हणजे आमचं लोणी, लोण्याचं तूप, आणि तुपाच्या बदल्यात पावसाळ्याचे तांदूळ नि नाचणी. ती बिघडली तर अख्खा पावसाळा कसा काढायचा, हे मला नवीन असूनही कळत होतं.

“म्हस माणूस नाकानं वळखती,” आत्ती म्हणाली. “वास माझा आसला की तिला वाटंल मीच बसलीया. पर आवाज तुझा निघाला की घोळ झाला. माझा हात बरा झाल्यावर मला तिच्याखाली बसायचं हाय, ध्येनात ठेव.”

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. आमच्या हरीनं पाय धरले नाहीत, गाढवालाच दम दिला. मी लुगडं नेसले, मुकाट गेले, भिंगरीच्या पोटाला डोकं टेकवलं. तिनं मान वळवून मला हुंगलं. मग एक लांब श्वास सोडला आणि पाठोपाठ दूध. चरवीत पहिली धार वाजली तेव्हा मला रडू आलं. तेही आवाज न करता.

आमचा धनगरवाडा वारणेच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, सड्यावर. मोजकी घरं, त्याहून जास्त म्हशी. शिमगा झाला की सड्यावरचं पाणी आटतं. मग सगळा वाडा म्हशींना घेऊन खाली नदीकाठी उतरतो, झाप घालून राहतो, आणि पाऊस यायच्या आधी पुन्हा वर चढतो. एकदा पाऊस लागला की वाट बंद. ओढे फुगतात, धुकं उतरतं, आणि दिवाळीपर्यंत वरचा माणूस खाली नाही की खालचा वर नाही.

माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. नवरा जानू इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला. हो, मी नाव घेते. या वयात मला कोण उखाणा मागणार? त्या वर्षात तो माझ्या वाट्याला आला तो दोन सणांपुरता. खोली मिळाली की तुला नेतो, म्हणायचा. खोली काही मिळत नव्हती. नकटीच्या लग्नासारखी त्या खोलीला विघ्नं येत होती. जाताना मात्र त्यानं मला एक पातळ आणून दिलं होतं, पिवळ्या रंगावर मोठी मोठी लाल फुलं. मी ते झापात वळकटीखाली ठेवायचे आणि दिवसातून एकदा तरी काढून बघायचे.

आता मुद्दा असा की मला गप्प बसता येत नाही. माहेरी म्हणायचे, हौसाच्या तोंडात तीळ भिजत नाही. नदीकाठी दिवसभर बोलायला होतं कोण? आत्तीला मोडक्या हाताचा राग आणि हात चालत नसल्यामुळे जगाचा राग. शेजारची बयना चांगली होती, पण तिला तिची पोरं नि तिच्या म्हशी. राहिली भिंगरी. थोडे दिवस मी दातावर दात धरून धार काढली. मग एका सकाळी तिच्या कानाच्या अंगाला तोंड नेऊन हळूच म्हटलं, “आज नाचणीची भाकरी करपली, पण कुणाला सांगू नकोस.”

भिंगरीनं कान हलवला. दूध चालूच राहिलं.

मग काय, बांध फुटला. रोज धार काढता काढता मी तिला सगळं सांगायला लागले. खोली मिळाली की मी कशी जाणार, तिथं म्हणे नळाला पाणी येतं, संध्याकाळी माणूस घरी येतो, दोघं बसून जेवतात. मला इथं कसं एकटं वाटतं. सासू कशी हसली तरी कुणावर तरी ओरडल्यासारखी हसते. एकदा तर मी म्हटलं, “भिंगरे, मी गेले नाही ना, तर याच लुगड्यासारखी होईन बघ, मातकट.” आत्ती पलीकडे काटक्यांच्या कुडाला पाठ लावून बसलेली असायची. तिला झोप लागलीय असं मी धरून चालले होते.

वैशाखाच्या शेवटी आम्ही वर चढलो. डोक्यावर भांडी, कमरेला कोयते, पुढं म्हशी. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. आत्ती एका हातानं काठी टेकत सगळ्यांच्या पुढं, आणि तिथून मागच्यांना शिव्या. चढावर करवंदीच्या काट्यांनी माझ्या अंगावरचं तिचं लुगडं टराटरा फाटलं. वर पोचलो तर धारेची वेळ झालेली. मी घाईत पिवळं पातळ गुंडाळलं आणि भिंगरीखाली बसले.

चरवी घेऊन बाहेर आले तर आत्ती दारात.

“लुगडं कुटं हाय?”

“फाटलं.”

“मग ह्ये नेसून बसलीस?”

“होय.”

“आनि दिलं तिनं?”

“दिलं की. रोजच्याएवढंच.”

आत्ती चरवीतल्या फेसाकडे बघत राहिली. मला वाटलं आता शिव्या येतील. ती फक्त म्हणाली, “बरं,” आणि आत गेली. त्या दिवसापासून मी त्याच पातळात धार काढली. धुवायला सवड कुठली, गवत रचायचं होतं, सरपण भरायचं होतं, गोठ्याला पावसाआधी पेंढ्याची झड बांधायची होती.

थोड्या दिवसांनी तिच्या कामट्या सुटल्या. मनगट वाळक्या फांदीसारखं झालं होतं, पण बोटं हलत होती. दुसऱ्या सकाळी तिनं माझ्या हातातून चरवी घेतली आणि भिंगरीकडे गेली. तिचंच लुगडं, तिचाच हात, तिचाच आवाज. “ये गं माजे बाय, ये.” रेडकू लावलं, पान्हा आला, रेडकू ओढून बांधलं. आत्तीनं सडाला हात लावला. भिंगरीनं कास आखडली. पुन्हा रेडकू, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिनं पाय झाडला आणि चरवी गोठ्याच्या दारापर्यंत घरंगळत आली, माझ्या पायाशी.

सबंध वाड्यात ठकूबाईचा हात नावाजलेला. कुणाची म्हैस अडली, रुसली, दूध चोरायला लागली की तिला बोलावणं यायचं. तिच्याच म्हशीनं तिला झिडकारलं, आणि मी ते बघितलं. मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर त्याच्या तळाशी थोडं बरंही वाटलं.

“काड जा तू,” एवढंच म्हणून ती उठली.

आणि त्याच आठवड्यात जानू आला. डोंगर चढून दमलेला, पण तोंडभर हसू. खोली मिळाली होती. मागच्या बाजूला, एका खिडकीची, पण आमची एकट्यांची. “उद्या-परवा निघू,” म्हणाला. “ढग यायला लागल्यात. आता न्हाई ग्येलो तर दिवाळीबिगार न्हाई. आनि तोवर खोली कोन ठेवतंय?”

मी चुलीपुढं बसले होते. ज्या गोष्टीसाठी वर्षभर म्हशीचे कान खाल्ले ती दारात उभी होती, आणि माझ्या तोंडून निघालं, “मला नाही यायचं.”

“का?”

“भिंगरी दुसऱ्या कुणाला देत नाही. मी गेले तर आत्तींनी पावसाळ्यात खायचं काय?”

जानूनं आईकडे बघितलं. आत्ती सुपातली नाचणी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “म्हशीचं मी बघीन. नव्या माणसाला दोन दिस भुलली, म्हून जलमाची तुझी झाली व्हय? उद्यापास्नं तू गोठ्याकडं फिरकायचं न्हाई. तुझा वास ऱ्हायला तर ती माझ्याकडं कशी यील?”

दुसऱ्या सकाळी ती एकटी गेली. मी घरात श्वास धरून बसले. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती भरलेली चरवी घेऊन, वर हा फेस.

“दिलं?” मी विचारलं.

“मग, न दिऊन जाती कुटं?”

संध्याकाळी पुन्हा चरवी भरलेली. जानू म्हणाला, बघ, उगाच जीव टाकत होतीस. मी हसले. पण मनात खुपलं. महिना-दीड महिना जिला पोटातलं सांगितलं, ती एका रात्रीत मला विसरली. माणसाचं एक समजू शकते, पण म्हशीनं असं करावं?

निघायच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. जानू बोचकं बांधत होता, आत्ती झऱ्यावर गेली होती. मी म्हटलं, विसरली तर विसरली, आपण निरोप घेऊ. तेच पिवळं पातळ नेसलेली मी गोठ्यात शिरले.

भिंगरीनं लगेच मान वर केली आणि खोल घशातून हुंकार दिला. तो हुंकार ती फक्त रेडकासाठी काढायची. मी तिच्या कपाळाला हात लावला, आणि मग माझं लक्ष रेडकाकडे गेलं. ते खुंट्याला बांधलेलंच नव्हतं. आईच्या पायाशी आडवं पडलं होतं, पोट टमटमीत फुगलेलं, तोंडाला दुधाचा फेस. शेपटी, मांड्या, खालची जमीन, सगळीकडे पांढरी पातळ हगवण.

रेडकू असं हगतं ते एकाच कारणानं. दूध जास्त झालं की.

भिंगरीनं आत्तीला थेंबसुद्धा दिला नव्हता. कास सुजू नये म्हणून आत्ती रेडकू मोकळं सोडत होती, सगळं दूध त्याला पाजत होती, आणि मला दाखवायला चरवी भरून आणत होती.

आत्ती झऱ्यावरून आली तेव्हा मी गोठ्याच्या दारातच होते. तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागं.

“आत कशाला ग्येलीस?”

“चरवीत कुणाचं दूध होतं?”

तिनं घागर उतरवली. “भुंडीचं. वरचं बयनाकडनं मागून घ्येतलं.”

“रेडकू मरंल असं.”

“मरत न्हाई. तू ग्येलीस की आवळीन त्याचं त्वांड. म्हस आटवून टाकीन. आदी पण काडल्यात तसलं पावसाळं.”

“तांदळाचं काय?”

“तुला काय करायचंय तांदळाचं? नळाचं पाणी पी जा तिकडं. दोगं बसून जेवा.”

मी दचकले. हे शब्द माझे होते.

“ऐकत होतात?”

“कुडाला काय भिताड हाय व्हय? सगळं ऐकलं. सासू हसली तरी वरडल्यागत हसती, त्ये बी.” ती पायरीवर बसली. दुखरं मनगट दुसऱ्या हातानं चोळत राहिली. “तुझा मामंजी धरणाच्या कामाव हुता. मला म्हनायचा, चल. मी म्हनायची, म्हशी कोन बघंल? ह्या पावसाळ्यानंतर यीन, त्या पावसाळ्यानंतर यीन. म्हशी ऱ्हायल्या. माणूस तिकडंच ताप यिऊन ग्येला. मला कळलं तवा वाट बंद हुती.”

तिनं पदरानं तोंड पुसलं, घाम पुसावा तसं.

“तू जा. मातकट हुईस्तवर थांबू नगो.”

जानू दारात येऊन हाका मारत होता, पलीकडच्या डोंगरावर पाऊस उतरलेला दिसत होता. मी आत्तीचा हात धरला, तिला घरात नेलं आणि दार लोटलं. मग अंगावरचं पातळ सोडून तिच्या हातात दिलं.

“हे नेसा.”

“याड लागलं व्हय?”

“वर आल्यापासून न धुतलंय. सगळा माझा वास आहे. भिंगरी देईल.”

“आगं, रांडव बाई मी. आनि ही येवडाली फुलं. लोक काय म्हनतील?”

“लोक दूध देतात का?”

ती पातळ हातात धरून उभी. त्याच्यावरून तिनं अंगठा फिरवला, एका फुलावरून, मग शेजारच्या.

“आणि आत गेलात की तोंड शिवा,” मी म्हटलं. “एक शब्द काढायचा नाही.”

तेव्हा ती हसली. ओरडल्यासारखीच. मी तिचं फाटून शिवलेलं लुगडं नेसले आणि बाहेर आले. जानूनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. नवं पातळ नेसून बायको खोलीत पाऊल टाकेल असं चित्र त्यानं रंगवलं असणार.

“ह्ये काय?”

“म्हशीसाठी,” मी म्हटलं. “चल.”

इचलकरंजीत मी पहिल्यांदा शिरले ती अशी, धुराचा, ताकाचा वास मारत. शेजारणीनं नाक मुरडलं. मला तो वास त्या दिवशी बरा वाटत होता.

पावसाळा गेला. दिवाळीला मागाच्या मालकानं जानूला सुट्टी दिली नाही. वाड्यावरचा माणूस बाजाराला आला की निरोप मिळायचा: म्हैस देते, सगळं ठीक आहे, तांदूळ भरले. शिमग्याला आम्ही निघालो. मी पिशवीत आत्तीसाठी नवं लुगडं घेतलं होतं, तिच्याच रंगाचं. तिचं होतं ते माझ्याकडे आलं होतं, म्हणून फेड.

सड्यावर चढलो तर सगळं गवत वाळून तांबूस झालेलं. म्हशी खाली न्यायची तयारी चालली होती. झऱ्यावर बयना भेटली, माझ्या गालाला हात लावून म्हणाली, “बरी दिसतीयास गं. भिंगरीला भेटाय आलीस व्हय? ती बया संक्रातीआदीच आटली की. गाभण हाय आता.”

मी पुढं निघाले आणि मला दूरवरून दिसलं. आमच्या घरापुढच्या अंगणात, त्या सगळ्या तांबूस रानात, एक पिवळा ठिपका.

आत्ती गोवऱ्या रचत होती. पातळ धुवून धुवून विटलं होतं, लाल फुलांची गुलाबी झाली होती. गुडघ्याशी ठिगळ होतं, बारीक टाक्यांचं, फुलावर फूल येईल असं जुळवून लावलेलं. मला बघितल्यावर तिनं पदर आधी खांद्यावर सारखा केला, मग डोक्यावर घेतला, मग हात कुठं ठेवावेत हेच तिला समजेना.

“म्हशीसाठी नेसलीया,” ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं.

पलीकडं खुंट्याला भिंगरी रवंथ करत उभी होती. कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती.

“देते का अजून?” मी विचारलं.

“दिती की. त्याबिगार ह्ये आसलं नेसून बसली आसती व्हय मी?”

“मग राहू दे अंगावर,” मी म्हटलं. “बिघडायला नको.”

पिशवीतलं मातकट लुगडं मी तळाला ढकललं आणि तसंच परत नेलं. पुढच्या शिमग्याला आणलं ते हिरव्यावर पांढऱ्या फुलांचं. तेही तिनं भिंगरीसाठीच म्हणून नेसलं. भिंगरी त्याआधीच्या पावसाळ्यातच गेली होती.